समोरच्यांची पिशवी

दुसऱ्याच्या गाडीचा, बंगल्याचा किंवा पगाराचा हेवा करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि मला ती बरी वाटतात. त्यांच्या हेव्याला काही दर्जा तरी असतो. मला मात्र गेले कित्येक महिने दुसऱ्याच्या कचऱ्याच्या पिशवीचा हेवा वाटत होता आणि ही गोष्ट ऑफिसात कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

ही पिशवी आमच्या समोरच्या दाराबाहेर असायची. तिथे नकाशेकाका राहतात. त्यांनी आयुष्यभर भूमापन खात्यात नकाशे काढले, म्हणून सगळी इमारत त्यांना नकाशेकाका म्हणते. आता निवृत्त आहेत. काकू गेल्यापासून एकटेच असतात, त्यामुळे नीटनेटकेपणाला त्यांच्याकडे वेळच वेळ आहे, असं माझं मत होतं. त्यांच्या चपला भिंतीला समांतर असतात. दारावरची पाटी त्यांनी स्वतः पट्टीने आखून लिहिली आहे. आणि रोज सकाळी दाराबाहेर एक हिरवी, गोल गरगरीत, तोंडाला सुबक गाठ मारलेली पिशवी. तिच्याखाली एक थेंब नाही, तिला वास नाही. एखाद्याला ती उचलून मांडीवर घ्यावीशी वाटावी इतकी ती शहाणी पिशवी होती.

आमच्या दाराबाहेर बादली होती. तिचं वर्णन मी करत नाही.

सकाळी पेपर घ्यायला बायको दार उघडायची. आधी ती समोरची पिशवी बघायची, मग आमची बादली बघायची आणि मग वळून माझ्याकडे बघायची. तोंडाने काही बोलायची नाही. लग्नाला बरीच वर्षं झालेल्या माणसाला एवढंही पुरतं. तिने एकदा, फक्त एकदा, मी केलेल्या एखाद्या गोष्टीकडे त्या नजरेने बघावं ज्या नजरेने ती त्या पिशवीकडे बघत होती, एवढीच माझी इच्छा होती. तशी माझी कामगिरी काही कमी नाही. मी विमा कंपनीत दावे तपासतो. कुणाची गाडी बुडाली तर ती खरोखर बुडाली की बुडवली, हे मी गाडीकडे नुसतं बघून सांगतो. पण बायकोला त्याचं काही नाही.

मग इमारतीची बैठक झाली. सेक्रेटरींनी कचऱ्याच्या वासाचा विषय काढला आणि नकाशेकाकांना उभं केलं. काकांनी खिशातून एक घडी केलेली पिशवी काढली आणि सांगितलं, की ही प्लास्टिकची नाही, कंपोस्ट होणारी आहे. स्वयंपाकघरातला ओला कचरा तिच्यात टाकायचा, पिशवीसकट खत होतं, बादली धुवावी लागत नाही. एवढंच बोलून ते बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर्वांत शेवटपर्यंत टाळ्या वाजवणाऱ्या बाईंकडे मी वळून पाहिलं, तर त्या आमच्याच घरातल्या होत्या.

दुसऱ्याच दिवशी मी दुकानात गेलो. दुकानदाराने तीच लहान हिरवी पिशवी पुढे केली. तीच पिशवी घरी नेणं म्हणजे हार कबूल करणं होतं.

"यापेक्षा मोठी नाही?" मी विचारलं.

"आहे की. ही बघा. पांढरी, जाड, दुप्पट मोठी. घेतायत लोक."

"समोरचे... म्हणजे, आमच्या भागातलं कुणी घेतं का ही?"

"नाही. त्यांना परवडत नाही," दुकानदार म्हणाला. त्याला गिऱ्हाईक बरोबर कळलं होतं. मी मोठं पुडकं उचललं.

आमच्या घरात पिशवीला एक परंपरा आहे. स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला एक मोठी पिशवी आहे, तिच्यात मध्यम पिशव्या आहेत आणि त्यांच्यात लहान. कुठलीही पिशवी तीन-चारदा वापरल्याशिवाय घराबाहेर गेलेली मला आठवत नाही. त्यामुळे ही पिशवी कचऱ्यासकट फेकून द्यायची आहे, हे आईला सांगताना मला आवाज थोडा खाली आणावा लागला.

"नवीकोरी पिशवी फेकायची?" आई म्हणाली.

"ती कुजते, आई. मुद्दाम कुजायलाच बनवलेली असते."

"मुद्दाम कुजायला बनवलेली वस्तू तू विकत आणलीस?"

शेवटी तडजोड अशी ठरली, की पिशवी काठोकाठ भरल्याशिवाय टाकायची नाही. बायकोने सुचवून पाहिलं, की रोजची रोज टाकू या, काका तर रोज टाकतात. त्या वाक्यातला शेवटचा भाग तिने बोलायला नको होता. मी ठणकावून सांगितलं, की अर्धी रिकामी पिशवी टाकणं ही उधळपट्टी आहे आणि ती एकट्या माणसाला शोभते, संसारी माणसाला नाही.

पहिली पिशवी भरायला दोन-तीन दिवस लागले. ती मी अभिमानाने दाराबाहेर ठेवली. काकांच्या पिशवीशेजारी ती चांगली उंचीपुरी दिसत होती. खाली कचरागाडी आली तेव्हा काका आणि मी आपापली पिशवी घेऊन उतरलो. गाडीवाल्याने काकांची पिशवी उचलून गाडीत टाकली आणि माझी तशीच परत केली.

"प्लास्टिक चालत नाही," तो म्हणाला.

"हे प्लास्टिक नाही."

"दिसतं तर."

"मग त्यांची घेतलीत ती?"

"त्यांची हिरवी आहे," असं म्हणून त्याने गाडी पुढे घेतली. जाताना तो काकांना हात करून गेला, हे मी पाहिलं. मला त्याने कधी हात केलेला नाही.

नगरपालिकेच्या कचरा विभागात जाण्यावाचून मला गत्यंतर राहिलं नाही. तिथल्या कारकुनाने माझी कोरी पिशवी हातात घेतली, ताणली, उजेडात धरली आणि हुंगली.

"कुजते?"

"कुजते. तिच्यावर शिक्का आहे तसा, खालच्या बाजूला."

"आणि खालची बाजूच आधी कुजली तर? शिक्का कुठे बघायचा आम्ही?"

हा मुद्दा मला सुचला नव्हता. मी गप्प बसलो. समोरचा माणूस गप्प बसला की दावा फेटाळायचा, हे मी आयुष्यभर करत आलो आहे, त्यामुळे पुढे काय होणार ते मला कळलं.

"नमुना ठेवून जा," कारकून म्हणाला. "आम्ही बघतो कुजते का. कुजली तर मंजूर करू."

काही दिवसांनी मी पुन्हा गेलो. माझी पिशवी कारकुनाच्या खुर्चीच्या पाठीला टांगलेली होती आणि तिच्यातून त्याची छत्री, जेवणाचा डबा आणि कचेरीतले बूट बाहेर डोकावत होते.

"तुमची पिशवी एक नंबर आहे," तो मनापासून म्हणाला. "रोज घरून डबा आणतो तिच्यात. काही होत नाही तिला."

"अहो, पण मग मंजुरी?"

"मंजुरी कशी देणार? कुजली कुठे?"

"ओला कचरा घातल्याशिवाय कशी कुजेल?"

"कचेरीत ओला कचरा आणायला मनाई आहे," कारकून म्हणाला. मी पिशवी परत मागितली, तेव्हा नमुना परत मिळत नाही असं त्याने सांगितलं. येताना मुकाट्याने दुकानात शिरलो आणि हिरव्या पिशव्या घेतल्या. मात्र घेतल्या मोठ्याच. माणसाने सगळीकडेच माघार घेऊ नये.

गाडीवाल्याचा प्रश्न मिटला. पण जी पिशवी कचेरीत कुजायला तयार नव्हती, तिची हिरवी बहीण आमच्या घरी मात्र कुजायला उतावीळ झालेली होती. दोन दिवसांनंतर तिचा तळ मऊ पडायचा. त्यात आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. एका रविवारी मी बाल्कनीत गेलो, तर दोरीवर माझ्या बनियनांशेजारी चिमटे लावून हिरव्या पिशव्या वाळत होत्या. आई भरलेली पिशवी खालच्या मोठ्या डब्यात रिकामी करून, धुऊन, उन्हात वाळवून परत आणत होती.

"स्वच्छ निघतात," आई म्हणाली. "जरा विरविरीत होतात इतकंच."

मी आईला पुन्हा सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. पण वाळलेल्या पिशव्या तिने कधी घड्या घालून नव्या पुडक्यात ठेवल्या होत्या, ते तिनेही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

त्यानंतर एका सकाळी मी ऑफिसचे कपडे घालून, काठोकाठ भरलेली पिशवी हातात धरून दाराबाहेर आलो. समोर नकाशेकाका त्यांच्या पिशवीची गाठ नीट करत होते. मागे दारात बायको होती. जिन्यावरून सेक्रेटरी वर येत होते. असा योग रोज येत नाही. म्हणून मी पिशवी जरा उंच धरली, सगळ्यांना दिसेल अशी, आणि म्हणालो, "आमचीही चालली बरं का, काका."

पिशवी चाललीच. तळातून सगळी एकदम गेली आणि माझ्या हातात नुसती गाठ राहिली. कलिंगडाच्या साली, फ्लॉवरची पानं, चहाचा चोथा, अंड्यांची टरफलं आणि मुलीने गुपचूप टाकून दिलेली कारली, सगळं काकांच्या भिंतीला समांतर असलेल्या चपलांवर पडलं आणि उरलेलं पायऱ्या उतरत सेक्रेटरींना भेटायला गेलं. काका आत जाऊन फडकं आणि जुने कागद घेऊन आले आणि गुडघे टेकून पुसायला लागले.

"होतं असं," ते म्हणाले.

हे मला सर्वांत लागलं. ज्याचं कधीही तसं होत नाही, त्याने 'होतं असं' कशाला म्हणावं.

"काका, राहू द्या हो, हे पुसतील," बायको म्हणाली. मग मी पुसलं. मी पुसत असताना ती वरून काकांना सांगत होती, की तुमचं पुसणंसुद्धा किती व्यवस्थित आहे, कोपऱ्यापासून सुरुवात करता.

यानंतर इमारतीने मला सल्ले द्यायला सुरुवात केली. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी सांगितलं, तळाला वर्तमानपत्र घाला. घातलं. वर्तमानपत्रासकट फुटली. तळमजल्यावरच्या पेन्शनरांनी सांगितलं, पिशवीत पिशवी घाला. घातली. दोन्ही फुटल्या. सेक्रेटरी स्वतः दारापर्यंत आले, आत पाऊल न ठेवता उभे राहिले आणि म्हणाले, की त्यांच्या मेहुण्यांकडे पिशवी फ्रिजमध्ये ठेवतात, गारव्याने कुजत नाही. हा सल्ला मला शास्त्रीय वाटला. आम्ही पिशवी फ्रिजमध्ये ठेवली. आईने संध्याकाळी फ्रिज उघडला, फ्लॉवरचे कोवळे देठ पिशवीत बघून हळहळली आणि ते धुऊन, चिरून भाजीत घातले. भाजी चांगली झाली होती. मी दोनदा वाढून घेतली आणि मग मुलीने फ्रिजमधला कचरा कुठे गेला असं विचारलं.

त्या जेवणानंतर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तीच पिशवी, तेच दुकान, तोच जिना. आमची फुटते आणि त्यांची फुटत नाही. माझ्या टेबलावर असा दावा आला असता तर मी काय म्हटलं असतं? लबाडी आहे, असं म्हटलं असतं. नकाशेकाका हिरव्या पिशवीच्या आत साधी प्लास्टिकची पिशवी घालत होते, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. इतके महिने सगळ्या इमारतीने, कचरागाडीवाल्याने आणि माझ्या सख्ख्या बायकोने ज्या पिशवीचं कौतुक केलं, ती आतून खोटी होती. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

पुरावा मात्र हवा होता. सकाळी घरातलं कुणी उठायच्या आत मी हळूच दार उघडलं आणि काकांच्या पिशवीसमोर उकिडवा बसलो. गाठ घट्ट होती, तरी नखांनी सोडवली. गाठ सुटताच पिशवीने एक मोठा सुस्कारा टाकला आणि ती खाली बसली. मी आत बघितलं. आत प्लास्टिक नव्हतं. खरं म्हणजे आत फारसं काहीच नव्हतं. एक केळ्याचं साल, चिमूटभर चहा आणि लिंबाची एक फोड, पिळून घेतलेली.

समोरचं दार उघडलं.

पायजम्यातला शेजारी आपल्या कचऱ्यात डोकं घालून बसलेला दिसल्यावर सभ्य माणसाने काय बोलावं, याची कुठे पद्धत ठरलेली नाही. काकांनाही ती ठाऊक नसावी.

"आमची समजून," मी म्हणालो.

"तुमची कशी असेल?" काका म्हणाले. "तुमची जड असते. काल मटार सोलले ना तुमच्याकडे? वास आला होता शेंगांचा." मग त्यांनी बसलेल्या पिशवीकडे पाहिलं आणि त्यांचे कान लाल झाले. "बघितलंत होय तुम्ही."

"एवढंच असतं?"

"एवढंच. आमची ही होती तेव्हा बादली ओसंडायची, वरून दाबायला लागायची. आता एका माणसाचं काय निघणार हो? साठवून ठेवावं तर भरायच्या आधी तळ जातो, म्हणून रोज टाकायची. पण रोज सकाळी एवढीशी चिमटी दारात ठेवायची म्हणजे बरं दिसत नाही. जाणारेयेणारे बघतात." ते खाली बसले, पिशवी हातात घेतली आणि तिच्या तोंडात फुंकर घालून ती हळूहळू फुगवली. ती पुन्हा गोल गरगरीत झाली. सवयीच्या हातांनी त्यांनी गाठ मारली. "घरात कुणी आहे असं वाटतं," ते म्हणाले.

मी घरात आलो. इतके महिने मी हवेचा हेवा करत होतो. बायको उठली होती आणि स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघत होती.

"काय करत होतात बाहेर? काकांच्या पिशवीपाशी बसला होतात ना?"

आता सांगायचं तेवढं बाकी होतं. एकच वाक्य पुरलं असतं. इमारतीच्या बैठकीत तिने शेवटपर्यंत वाजवलेल्या टाळ्या मला त्या एका वाक्यात परत मिळाल्या असत्या. मी तोंड उघडलं.

"हो," मी म्हणालो. "छान बांधतात. आपल्याला नाही जमायचं."

बायको हातातलं भांडं तसंच धरून राहिली. मी समोरच्याचं कौतुक करतो आहे, हे तिने आमच्या संसारात पहिल्यांदाच ऐकलं असावं.

"तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

"बरं आहे मला. त्यांना रात्री जेवायला बोलाव आज. रोजच बोलाव म्हणतो मी. चार माणसांत पाचवं ताट काही जड नाही."

मग तिने माझ्याकडे तसं पाहिलं, ज्याच्यासाठी मी नगरपालिकेपर्यंत जाऊन आलो होतो. खरं कारण तिला सांगता येत नव्हतं, त्यामुळे मला त्या नजरेचं काय करावं ते कळेना. मी आंघोळीला गेलो.

काका जेवायला येऊ लागले. पहिले काही दिवस संकोचले, मग आईबरोबर भाजी निवडायला बसायला लागले. फ्लॉवरचे तुरे ते इतक्या सारख्या आकाराचे काढायचे, की आई ते आल्यागेलेल्यांना दाखवायची. मी काढलेले तुरे तिने कधी कुणाला दाखवले नाहीत. त्यांच्या पानात दुसऱ्यांदा भाजी न विचारता पडायची आणि माझ्या पानात विचारून. हे मी बघत होतो, पण बोललो नाही.

मग एक दिवस काकांनी आम्हां सगळ्यांना त्यांच्याकडे जेवायला बोलावलं. बायको आणि मुलगी सकाळपासून तिकडेच मदतीला होत्या. ढीगभर मटार, बटाटे, कोबी, भोपळा, सगळ्याची सालं आणि देठं. जेवण झाल्यावर काकांनी त्यांची लहान हिरवी पिशवी भरली, दाबली, आणखी भरली. फुंकर घालायला तिच्यात जागाच नव्हती.

"मीच नेतो," ते म्हणाले, आणि कुणाचं न ऐकता दोन्ही हातांनी पिशवी धरून जिना उतरायला लागले. मी मागे होतो. दुसऱ्या वळणावर तिचा तळ गेला. मटाराच्या शेंगा, भोपळ्याच्या बिया, बटाट्यांची सालं पार खालच्या दारापर्यंत घसरत गेली.

वरून दारं उघडली. बायकोने कठड्यावरून वाकून पाहिलं. या घटनेची मी किती वाट पाहिली होती, हे फक्त मलाच ठाऊक होतं. मी काकांच्या चेहऱ्याकडे बघितलं. ते हातात नुसती गाठ धरून, पायांवर भोपळ्याच्या बिया घेऊन उभे होते.

"फुटली," ते वर बघून म्हणाले, मुलगा पास झाल्याचं सांगावं तसं. "अहो, फुटली. भरली होती ना."

मी फडकं आणायला वर गेलो. आमची पिशवी या जिन्यावर कितीदा तरी फुटली होती, आणि इतका आनंद मला तिने एकदाही दिला नव्हता. फडकं शोधता शोधता मला काकांचा पुन्हा हेवा वाटायला लागला.